स्वतःची पॅकेज रिपॉझिटरी: वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

या वेळच्या पत्रांतले बरेचसे प्रश्न एकाच विषयाभोवती आहेत: आपण लिहिलेलं सॉफ्टवेअर गिऱ्हाइकांच्या मशीनपर्यंत पोचवण्यासाठी स्वतःची रिपॉझिटरी, म्हणजे पॅकेजेस ठेवून वाटायचा साठा, कशी उभी करायची. पत्रं थोडक्यात दिली आहेत. आज्ञा आणि फाइलींची नावं उच्चाराप्रमाणे छापली आहेत. संगणकावर ती रोमन अक्षरांत टाइप करावीत.

प्रश्न : आम्ही फाउंड्रींसाठी भट्टीच्या तापमानाच्या नोंदी ठेवणारं सॉफ्टवेअर बनवतो. शिरोली आणि कागलच्या एमआयडीसीत मिळून चाळीसेक इंडस्ट्रियल पीसींवर ते चालतं. काहींवर डेबियन १२ आहे, काहींवर उबंटू २२.०४. दर नव्या आवृत्तीला पेन ड्राइव्ह घेऊन फिरावं लागतं. ॲप्टसाठी (डेबियन-उबंटूवर पॅकेजेस बसवणाऱ्या प्रोग्रॅमसाठी) रिपॉझिटरी चालवणारं स्वतःचं साधन लिहायचं आहे. रचना कशी असावी? (शिरोली)

उत्तर : आधी एक गोष्ट पक्की करा: सर्व्हर लिहायचा नाही. ॲप्ट रिपॉझिटरी म्हणजे वेबवरून वाचता येणाऱ्या साध्या फाइलींचं फोल्डर. ते वाटायचं काम एनजिनेक्स हा वेब सर्व्हर उत्तम करतो. तुमच्या साधनानं ते फोल्डर बिनचूक तयार करावं आणि बाजूला व्हावं. मग साधन अडकलं तरी मशीनना कालची रिपॉझिटरी मिळत राहते. अपलोड घेणं, इंडेक्स (पॅकेजेसची यादी) बनवणं आणि डाउनलोड देणं ही तिन्ही कामं एकाच प्रोग्रॅममध्ये कोंबली, तर एका बिघाडात तिन्ही बंद पडतात.

बाकीची रचना ठरते ती विश्वासाच्या साखळीवरून. मशीन पहिल्यांदा ‘इनरिलीज’ ही फाइल मागतं. तिच्यावर जीपीजी (डिजिटल) सही असते आणि तिच्यात प्रत्येक ‘पॅकेजेस’ इंडेक्सचा आकार आणि एसएचए-२५६ हॅश (फाइलच्या मजकुरावरून काढलेला ठसा) असतो. ‘पॅकेजेस’मध्ये प्रत्येक डेब फाइलचा (पॅकेजच्या फाइलचा) पत्ता, आकार आणि हॅश असतो. एकाच सहीखाली सगळं येतं. म्हणून मधला एक बाइट बदलला की खालची साखळी तुटते आणि ॲप्ट ‘हॅश सम मिसमॅच’ म्हणत थांबतो. तुमच्या साधनातली जवळजवळ प्रत्येक अडचण इथेच उगवेल.

काम पाच टप्प्यांत वाटा. पहिला टप्पा इनबॉक्स: डेव्हलपरनं एसएसएचवरून फाइल टाकायची, प्रत्येकाचं खातं वेगळं. फाइल येत असताना तिचं नाव तात्पुरतं असावं आणि पूर्ण आल्यावरच खरं नाव द्यावं. नाहीतर साधन अर्धीच फाइल उचलतं.

दुसरा टप्पा तपासणीचा. डेब फाइलमधली ‘कंट्रोल’ माहिती वाचा: नाव, आवृत्ती, आर्किटेक्चर. हे तिन्ही जुळणारी फाइल आधीच साठ्यात असेल आणि हॅश तोच असेल, तर ‘झालं’ म्हणून पुढे जा. बिल्ड सर्व्हर (कोडपासून पॅकेज बनवणारं मशीन) कधीकधी तीच फाइल दोनदा पाठवतो आणि त्यात चूक काही नाही. पण हॅश वेगळा असेल तर सरळ नाकारा, आणि या नियमाला अपवाद ठेवू नका. एकदा प्रसिद्ध झालेल्या आवृत्तीच्या जागी गुपचूप दुसरी फाइल ठेवली, की काही मशीनवर जुनी २.४.१ आणि काहींवर नवी २.४.१ अशी स्थिती होते. मग फोनवर गिऱ्हाइकाला कितीही प्रश्न विचारले तरी बिघाड सापडत नाही.

हाच नियम तुमच्या बाबतीत एका आडवळणानं मोडू शकतो. डेबियन १२ मध्ये जीलिबसी (प्रोग्रॅमना लागणारी मूळ सी लायब्ररी) २.३६ आहे आणि उबंटू २२.०४ मध्ये २.३५. डेबियनवर बिल्ड केलेला प्रोग्रॅम उबंटूवर ‘जीलिबसी २.३६ सापडलं नाही’ म्हणून अडू शकतो, त्यामुळे दोन्हींसाठी वेगळं बिल्ड लागतंच. पण आवृत्ती दोन्हीकडे २.४.१-१ अशीच ठेवली, तर फाइलचं नाव तेच आणि आतला माल वेगळा. उपाय म्हणजे आवृत्तीच्या शेपटीत वितरणाचं टोपणनाव (डेबियन १२ चं बुकवर्म, उबंटू २२.०४ चं जॅमी) घालणं: २.४.१-१~बुकवर्म१ आणि २.४.१-१~जॅमी१.

तिसरा टप्पा ‘पूल’, म्हणजे पॅकेजचा कायमचा साठा. इथल्या फाइली फक्त वाढतात, बदलत नाहीत.

चौथा टप्पा इंडेक्स. ‘डीपीकेजी-स्कॅनपॅकेजेस’ वापरणार असाल तर ‘मल्टिव्हर्जन’चा पर्याय द्यायला विसरू नका. तो दिला नाही तर प्रत्येक पॅकेजची फक्त सर्वांत नवी आवृत्ती यादीत येते आणि जुनीवर परत जायची वाट बंद होते. ‘रिलीज’ फाइल (सही झाली की हिचीच ‘इनरिलीज’ होते) ‘ॲप्ट-एफटीपीआर्काइव्ह’नं बनवताना ती त्याच फोल्डरमध्ये थेट लिहू नका. लिहिणं सुरू होताच तिथे रिकामी ‘रिलीज’ तयार होते आणि तिचाच हॅश यादीत शिरतो. बाहेर लिहा, मग आत हलवा. ‘ओरिजिन’, ‘लेबल’, ‘सूट’ आणि ‘कोडनेम’ ही नावं पहिल्याच दिवशी विचार करून ठरवा. पुढे ‘ओरिजिन’ बदललं की ॲप्ट माणसाची परवानगी मागतो, आणि जिथे अपडेट आपोआप होतं तिथे परवानगी द्यायला कोणी नसतं. सगळीकडचं अपडेट एकाच रात्री थांबतं.

पाचवा टप्पा सही आणि प्रकाशन. नवी ‘डिस्ट्स’ (इंडेक्स आणि ‘रिलीज’ यांचं फोल्डर) बाजूच्या फोल्डरमध्ये पूर्ण तयार करा, सही करा, ती सही साधनाकडूनच तपासून घ्या आणि मग सिमलिंक (फोल्डरकडे बोट दाखवणारी लिंक) एका झटक्यात फिरवा. ‘एलएन’ आज्ञेला एस-एफ-एन हे पर्याय देऊन लिंक बदलण्यावर विसंबू नका. तिच्या जुन्या आवृत्त्या आधी जुनी लिंक पुसतात आणि मग नवी बनवतात. मधल्या क्षणी आलेल्या मशीनला ४०४ (‘फाइल सापडली नाही’) मिळतो. नवी लिंक तात्पुरत्या नावानं बनवून ‘एमव्ही’ला मोठ्या टीचा पर्याय देऊन ती जुनीवर हलवा, एकाच फाइलसिस्टिमवर हे नामांतर अखंड होतं.

एवढं करूनही एक फट उरते. एखाद्या मशीननं जुनी ‘इनरिलीज’ घेतली, तेवढ्यात तुम्ही लिंक फिरवली आणि त्याला नवी ‘पॅकेजेस’ मिळाली, तर हॅश जुळणार नाही. यासाठी ‘बाय-हॅश’ आहे. इंडेक्सची प्रत तिच्या हॅशच्याच नावानं ठेवायची आणि ‘रिलीज’मध्ये ‘ॲक्वायर-बाय-हॅश’ला ‘यस’ लिहायचं. ॲप्ट १.२ पासून पुढच्या सगळ्या आवृत्त्यांना हे कळतं. मात्र फोल्डर बदलताना मागच्या चार-पाच प्रकाशनांच्या ‘बाय-हॅश’ फाइली नव्या फोल्डरमध्ये आणायला हव्यात, नाहीतर सगळा खटाटोप फुकट जातो.

हे सगळं स्वतः लिहावं का? चाळीस मशीनसाठी आमचं मत: नको. ‘ॲप्टली’ हे तयार साधन घ्या. त्यात स्नॅपशॉट (रिपॉझिटरीची त्या क्षणाची स्थिती) घेऊन प्रकाशन एका स्नॅपशॉटवरून दुसऱ्यावर वळवता येतं, मागेही नेता येतं. ‘रेप्रेप्रो’ हे दुसरं साधन हलकं आणि भरवशाचं आहे, पण मूळ मांडणीत ते एका वितरणात एका पॅकेजची एकच आवृत्ती ठेवतं. तुमच्या हातच्या साधनानं इनबॉक्स, तपासणी आणि ‘कोणी, केव्हा, काय प्रसिद्ध केलं’ याची नोंद एवढंच सांभाळावं. ‘चाचणी’ आणि ‘पक्की’ अशा दोन वाहिन्या ठेवा. चाचणीत पास झालेली तीच फाइल पक्कीच्या इंडेक्समध्ये चढवा, पुन्हा बिल्ड करू नका. पुन्हा बिल्ड केलेली फाइल ही तपासलेली फाइल नव्हे.

प्रश्न : सुट्टीनंतर कारखाना सुरू झाला की काही मशीन ‘रिलीज फाइल इज नॉट व्हॅलिड येट’ असं सांगतात. रिपॉझिटरीत काहीच बदललेलं नसतं. (गोकुळ शिरगाव)

उत्तर : मशीनचं घड्याळ मागे आहे. ‘रिलीज’वरची तारीख मशीनच्या दृष्टीनं भविष्यातली ठरते आणि ॲप्ट ती नाकारतो. मूळ सवलत फक्त १० सेकंदांची आहे.

त्याच ओळीत किती काळ बाकी आहे तेही लिहिलेलं असतं. तो आकडा कारण सांगतो. शेकडो दिवस दिसत असतील तर मदरबोर्डवरची सीआर२०३२ बॅटरी संपलेली आहे. वीज पूर्ण बंद राहिली की घड्याळ मूळ तारखेवर जातं. मीटरवर ३ व्होल्टच्या बरंच खाली दिसली की बदला. आकडा साडेपाच तासांच्या आसपास असेल तर बॅटरी ठीक आहे. हार्डवेअर घड्याळात यूटीसी (जागतिक प्रमाण) वेळ आहे आणि लिनक्स तीच भारतीय वेळ समजतो आहे. ‘टाइमडेटसीटीएल’ आज्ञेनं आरटीसी (हेच हार्डवेअर घड्याळ) यूटीसीवर असल्याचं नोंदवा.

कारखान्याच्या जाळ्यातून बाहेरचे टाइम सर्व्हर दिसत नसतील, तर आतल्याच एका मशीनवर ‘क्रोनी’ हा टाइम सर्व्हर चालवून बाकीच्यांना तिथून वेळ द्या. यूडीपीचा पोर्ट १२३ उघडा हवा. ॲप्टची तारीख तपासणी बंद करायचा पर्याय आहे, पण तो वापरू नये. त्याच चुकीच्या घड्याळानं तुमच्या नोंदींवरही चुकीची वेळ पडते आहे.

प्रश्न : सहीची की (डिजिटल किल्ली) कुठे ठेवावी, आणि तिची मुदत संपली तर काय? (राजारामपुरी)

उत्तर : मुख्य की सर्व्हरवर नकोच. ती नेटला न जोडलेल्या संगणकावर तयार करा, दोन पेन ड्राइव्हवर घ्या आणि त्या दोन वेगळ्या इमारतींत ठेवा. रद्द करण्याचं प्रमाणपत्र त्याच दिवशी काढून ठेवा. सर्व्हरवर जाते ती फक्त सहीपुरती सबकी (मुख्य कीखालची दुय्यम की), दोन वर्षांच्या मुदतीची. सर्व्हर कोणी फोडला तर सबकी रद्द करून नवी काढता येते आणि मुख्य कीवरचा विश्वास टिकतो.

गिऱ्हाइकाच्या मशीनवर सार्वजनिक की ‘ईटीसी’तल्या ‘ॲप्ट/कीरिंग्ज’ फोल्डरमध्ये ठेवा आणि सोर्सच्या नोंदीत ‘साइन्ड-बाय’नं तिचा पत्ता द्या. ‘ट्रस्टेड’ फोल्डरमध्ये टाकलेली की सगळ्याच रिपॉझिटरींसाठी मान्य होते. तसं केलं तर तुमची की चोरणारा डेबियनच्या नावानंही पॅकेज खपवू शकेल. गिऱ्हाइकाला आपण तो धोका का द्यावा?

इथे दोन चुका सारख्या होतात. मजकुरी रूपातल्या कीच्या फाइलचा शेवट ‘एएससी’ हवा आणि बायनरी रूपातल्या कीचा ‘जीपीजी’. उलटसुलट झालं की ॲप्ट फाइल वाचत नाही आणि ‘नो पबकी’ म्हणतो. दुसरी चूक परवानग्यांची: ॲप्ट सही तपासताना वेगळ्या, कमी अधिकारांच्या खात्यानं चालतो. म्हणून फाइलची परवानगी ६४४ असावी.

आता मुदत. सर्व्हरवर तुम्ही मुदत वाढवली तरी गिऱ्हाइकाकडच्या प्रतीत जुनीच तारीख राहते. म्हणून कीचं स्वतंत्र छोटं ‘कीरिंग’ पॅकेज बनवा आणि ते याच रिपॉझिटरीतून द्या. जुनी मुदत संपण्याच्या निदान सहा महिने आधी नवी की किंवा नवी मुदत त्या पॅकेजमधून पाठवा. बदलाच्या काळात ‘इनरिलीज’वर जुनी आणि नवी अशा दोन्ही सह्या करता येतात. मुदत उलटून गेल्यावर हे पॅकेजही पोचत नाही, कारण ते आणणारा दरवाजाच बंद झालेला असतो. मग प्रत्येक मशीनजवळ जाऊनच की बदलावी लागते. साधनानंच ९० दिवस आधीपासून रोज इशारा द्यावा, आणि तो एकाच्याच मेलवर नको.

प्रश्न : नवी आवृत्ती बिघडलेली निघाली. रिपॉझिटरीतून काढली, तरी मशीनवर तीच राहते. (उद्यमनगर)

उत्तर : राहणारच. ॲप्ट आपणहून खालच्या आवृत्तीवर जात नाही, आणि यादीतून नाव गेलं म्हणून बसवलेलं पॅकेज निघत नाही. उतरायचं नसतं, पुढे जायचं असतं: २.४.० चाच जुना कोड नव्या क्रमांकानं प्रसिद्ध करा. डेबियनमध्ये यासाठी २.४.१+रिअली२.४.० अशी लिहिण्याची रीत आहे. क्रमांक वाढलेला दिसतो आणि आत काय आहे तेही कळतं.

एखाद्याच मशीनला मागे न्यायचं असेल तर पिनची (ॲप्टला ठरावीक आवृत्ती घ्यायला सांगणाऱ्या नोंदीची) प्राथमिकता १००० च्या वर ठेवा. काम झालं की ती ओळ काढा, नाहीतर ते मशीन तिथेच अडकून पडेल. आवृत्तीच्या आधी ‘१:’ असा इपॉक (तुलनेत सर्वांत आधी पाहिला जाणारा आकडा) लावून सुटका करून घेऊ नका. एकदा लावलेला इपॉक पुन्हा कधीच काढता येत नाही. ‘~’ हे चिन्ह मात्र जरूर वापरा: २.५~आरसी१ ही २.५ पेक्षा लहान धरली जाते. शंका आली तर ‘डीपीकेजी’ला ‘कम्पेअर-व्हर्जन्स’ सांगून दोन आवृत्त्या पडताळा. तुमच्या साधनात तुलना करायची असेल तर तीच आज्ञा बोलवा, स्वतःचा नियम लिहू नका.

प्रश्न : आमच्या यंत्रमागांच्या हिशोबाच्या प्रणालीत पायथन आणि नोडची स्वतःची पॅकेजेस आहेत. ‘पिप’ला (पायथनची पॅकेजेस बसवणाऱ्या आज्ञेला) मूळ पत्त्यासोबत आमच्या सर्व्हरचा पत्ता ‘एक्स्ट्रा-इंडेक्स-यूआरएल’नं दिला आहे. हे बरोबर आहे का? (इचलकरंजी)

उत्तर : नाही, आणि हे आजच बदला. ‘पिप’ दोन्ही पत्त्यांना समान मानतो आणि ज्याच्याकडे वरची आवृत्ती असेल तिथून घेतो. तुमच्या आतल्या पॅकेजचं नाव कोणाला कळलं आणि त्यानं पायपीआयवर (पायथनच्या सार्वजनिक रिपॉझिटरीवर) त्याच नावानं ९९.० आवृत्ती चढवली, तर तुमची मशीन तीच बसवतील. याच युक्तीनं ॲपल आणि मायक्रोसॉफ्टसह ३५ हून अधिक कंपन्यांच्या आतल्या यंत्रणांत शिरल्याचं ॲलेक्स बिर्सन या संशोधकानं फेब्रुवारी २०२१ मध्ये जाहीर केलं होतं. आतलं नाव साध्या एरर संदेशातूनही बाहेर पडतं, त्यामुळे नाव गुप्त आहे यावर विसंबू नये.

एकच ‘इंडेक्स-यूआरएल’ ठेवा, तो तुमच्या सर्व्हरचा. बाहेरची पॅकेजेस त्या सर्व्हरनंच आणून द्यावीत. ‘डेव्हपीआय’ या पायथनच्या पॅकेज सर्व्हरमध्ये जे नाव तुमच्या खासगी इंडेक्सवर आहे, ते बाहेरून घेणं आपोआप बंद असतं, अपवाद हवाच असेल तर ‘मिरर-व्हाइटलिस्ट’मध्ये मुद्दाम लिहावा लागतो. नोडसाठी सगळ्या आतल्या पॅकेजना कंपनीचा स्कोप (नावाआधीचा उपसर्ग) लावा आणि ‘एनपीएमआरसी’ या सेटिंगच्या फाइलीत तो स्कोप फक्त तुमच्या रजिस्ट्रीकडे वळवा. ‘व्हर्डाचिओ’ ही नोडची खासगी रजिस्ट्री (मूळ पोर्ट ४८७३) वापरत असाल तर त्या स्कोपच्या नोंदीतली ‘प्रॉक्सी’ ओळ काढा.

पायथनसाठी साधन स्वतः लिहिणाऱ्यांनी पीईपी ५०३ (पायथनच्या रिपॉझिटरीचे नियम) वाचावं. नियम थोडे आहेत: प्रत्येक पॅकेजचं एक एचटीएमएल पान, त्यात फाइलींच्या लिंक, लिंकच्या शेवटी एसएचए-२५६. सगळे चुकतात ते नावाच्या रूपात. नाव छोट्या लिपीत करायचं आणि ‘-’, ‘_’, ‘.’ यांची कोणतीही रांग एकाच ‘-’ मध्ये बदलायची. हे केलं नाही तर एकाच पॅकेजचे दोन पत्ते होतात आणि एकावर ४०४ मिळतो.

प्रश्न : आमचं साधन आरपीएमही (रेड हॅट, फेडोरासारख्या लिनक्सची पॅकेजेस) सांभाळेल असं करावं का? (ताराबाई पार्क)

उत्तर : मागणी असेल तरच. ‘क्रिएटरेपो-सी’ इंडेक्स बनवून देतं, ते अवघड नाही. फरक सहीत आहे. डेबच्या जगात सही इंडेक्सवर असते, आरपीएममध्ये ती प्रत्येक पॅकेजवर असते आणि इंडेक्सची, म्हणजे ‘रेपोएमडी’ची, सही वेगळी करावी लागते. गिऱ्हाइकाकडे ‘जीपीजीचेक’ आणि ‘रेपो-जीपीजीचेक’ हे दोन्ही १ ठेवा. त्यामुळे साधनात ‘सही करा’ हा एकच सामायिक टप्पा मानू नका. साठा, नोंदवही आणि परवानग्या सामायिक; इंडेक्स आणि सही प्रत्येक प्रकाराची आपली.

प्रश्न : ऑफिस तळमजल्यावर आहे. २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर सर्व्हर इथे ठेवायची भीती वाटते. जागा किती लागेल, बॅकअप कशाचा घ्यावा? (लक्ष्मीपुरी)

उत्तर : भीती योग्य आहे. दोन्ही पुरांत पंचगंगेचं पाणी शहराच्या सखल भागांत आलं आणि शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गही बंद पडला. नुसता सर्व्हर वरच्या मजल्यावर नेऊन भागत नाही. वीज आणि नेट गेलं की रिपॉझिटरी गेली. प्रकाशन ऑफिसात करा, पण गिऱ्हाइकांना दिलेला पत्ता मुंबई किंवा पुण्याच्या डेटा सेंटरमधल्या भाड्याच्या सर्व्हरचा असू द्या. सही ऑफिसातच होत असल्यामुळे तिथे खासगी की लागत नाही.

प्रत पाठवायचा क्रम पाळा. पहिल्या फेरीत ‘आरसिंक’नं (फाइलींची प्रत पाठवणाऱ्या आज्ञेनं) फक्त ‘पूल’, काहीही न पुसता. दुसऱ्या फेरीत ‘डिस्ट्स’, आणि पुसणं सर्वांत शेवटी. उलट केलं तर नवी यादी आधी पोचते आणि तिच्यातल्या फाइली तिथे नसतात. पावसात नेट मधेच तुटतं तेव्हा ही चूक तासन्‌तास तशीच राहते.

जागेचा हिशोब सोपा आहे. पॅकेज ६० एमबीचं, दोन वितरणं, आठवड्याला एक आवृत्ती: ६० × २ × ५२, म्हणजे वर्षाला सुमारे ६.२ जीबी. साध्या ५० जीबीच्या डिस्कवर काही वर्षं निघतील. जुनं काढायचं तर शेवटच्या पाच आवृत्त्या आणि कोणत्याही मशीनवर अजून चालू असलेली प्रत्येक आवृत्ती राखा. आधी इंडेक्समधून नाव काढा, फाइल आठवड्यानंतर पुसा, कारण जुनी यादी घेतलेलं मशीन मधल्या काळात ती मागू शकतं.

बॅकअप घ्या ‘पूल’चा, साधनाच्या सेटिंगचा आणि डेटाबेसचा, ‘डिस्ट्स’ पुन्हा बनवता येते. वीज जाण्याची आणखी एक खूण: सकाळी ‘इनरिलीज’ शून्य बाइटची दिसते. लिहिलेलं डिस्कवर उतरण्याआधीच नाव बदललं गेलेलं असतं. म्हणून नामांतराच्या आधी ‘एफसिंक’ (लिहिलेलं डिस्कवर उतरवून घेणं) करायलाच हवं, आणि लिहायला बसण्याआधी डिस्कवर मोकळी जागा आहे का तेही साधनानं पाहावं. पावसाळ्यापूर्वी मे महिन्यात एकदा कोऱ्या मशीनवर बॅकअपमधून रिपॉझिटरी उभी करा आणि दुसऱ्या मशीनवरून ‘ॲप्ट अपडेट’ चालवून एक पॅकेज बसवा. सहीची सबकी पेन ड्राइव्हवरून आणायला किती वेळ लागतो, तेही त्याच वेळी लिहून ठेवा.